खुबा मोडला, खुर्ची शाबूत

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा साष्टांग नमस्कार.

हा नमस्कार मी आजवर पत्रांच्या डोक्यावर कितीदा लिहिला असेल, पण दरवेळी लिहिताना आपली खुशाल बसलेली असायचे. आज पहिल्यांदाच तो खरोखर आडवी पडून घालते आहे. (उताणी आहे, त्यामुळे जमिनीला लागायला हवीत ती अंगं छताकडे आहेत. तेवढं चालवून घ्या.) तुमचे गुडघे काय म्हणतात? डावा कान अजून संपावरच आहे, की उजवाही त्याला सामील झाला? झोप लागते का? लेक दुपारच्या चहात साखर घालू देते का? या सगळ्याला तुम्ही 'बरं आहे' एवढंच उत्तर देणार हे मला ठाऊक आहे, तरी विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही. मागच्या खेपेला मी गच्चीवरची टाकी फुटल्याचं रडगाणं गात होते आणि तुम्ही तिकडून 'वा वा, फार छान झालं' म्हणत होतात. तेव्हा पत्रच बरं. धाकटा, म्हणजे तुमचा लाडका पुतण्या, कपडे आणायला आज संध्याकाळी गाडीनं तुमच्या गावी परततो आहे, उद्या सकाळी पुन्हा इकडे येईल. त्याच्या हाती हे देते. अक्षर वाकडं आहे, कारण उताणं पडून पेनातली शाई उलटी चढत नाही. म्हणून थोरल्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आहे. तो मघापासून कान चाचपतो आहे.

पत्रास कारण खुब्यात आहे. तो मोडला.

आता कसा मोडला ते ऐका, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दुरुस्त झालेली खुर्ची घरच्या माणसानं बसून पास केल्याशिवाय दुकानाबाहेर जायची नाही, हा मामंजींचा नियम तुम्हांला मी सांगायला नको. दोन सुनांपैकी अंगानं भरलेली म्हणून तुम्ही वजनाला, आणि काटकुळी म्हणून मी डुगडुगीला. तुम्ही बसलात आणि खुर्ची कुरकुरली नाही की ती कुणाचाही भार सोसणार. मी बसून पुढेमागे झुलले आणि पाय आपटले नाहीत की ती पास. (एकदा मामंजींनी गिऱ्हाइकासमोरच 'मोठ्या सूनबाई बसल्या, आता निर्धास्त न्या' असं सांगितलं, आणि तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हता.) तुम्ही लेकीकडे राहायला गेलात तेव्हापासून दोन्ही खाती माझ्याकडे आली. थोरला म्हणतो, आई, आता पुरे, मी बघतो. पण तो बसतो म्हणजे कसा बसतो? आपण केलेल्या कामावर माणूस जपूनच बसतो. तर परवा एका निवृत्त हेडमास्तरांची आरामखुर्ची तयार झाली. मी बसले, भार दिला, झुलले, हातांवर जोर देऊन पाहिलं, 'पास' म्हणाले, ऐटीत उठले, आणि कापलेल्या वेताचे तुकडे जमिनीवर पडले होते त्यांच्यावरून माझा पाय असा घरंगळला की मी थेट कुशीवर. काडकन आवाज आला. थोरला धावत आला. खोटं बोलत असेन तर जीभ झडो, पण त्याचा पहिला हात गेला तो खुर्चीला. उलटी केली, चारही पाय हलवून पाहिले, सांधे ठोकून पाहिले आणि सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "आई, खुर्चीला काही झालेलं नाही!" मी खाली जमिनीवर. मग त्याच्या लक्षात आलं की मग मोडलं ते काय.

त्याला बोल लावत नाही, रक्तच तसं आहे. तुमचे दीर एकदा टेबल घेऊन जिन्यावरून गडगडले तेव्हा मामंजी वरून ओरडले होते, "कोपरा आपटला का?" आणि हे बिचारे कोपर चोळत 'हो' म्हणाले होते. मामंजी टेबलाच्या कोपऱ्याबद्दल विचारत होते हे त्यांना कळेपर्यंत संध्याकाळ झाली. आपण दोघी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसलो होतो, आठवतं ना?

तर दवाखाना. मोठा हॉल, खाटांच्या दोन रांगा, खिडकीला जाळी, आणि माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई, तिचं मनगट मोडलं आहे पण कण्हते अशी की सबंध हात गेला. फोटो काढला. मांडीचं हाड खुब्यात जिथं बसतं तिथं त्या हाडाला मान असते म्हणे, ती मोडली आहे. (इतकी वर्षं मी समजत होते की माणसाला मान एकच, आणि ती सासरी खाली घालायची.) हाडांचे डॉक्टर चांगले उंचेपुरे, वयानं आपल्या धाकट्याएवढे. पण बोलायची तऱ्हा अशी, की माझ्या पायथ्याशी उभे राहणार आणि माझ्यावरून पलीकडे दोन्ही मुलांशी बोलणार. यांचं वय काय, यांना साखर आहे का, या आधी चालत होत्या का. मी मध्ये पडलेली, नदीसारखी, आणि हे दोन काठांवरून एकमेकांना हाका मारतायत. फोटो उजेडाला धरून दोघांना दाखवला, मला नाही. माझ्याच आतला फोटो!

मग मुलांत जुंपली. डॉक्टरांचं म्हणणं, त्या मानेवरचा हाडाचा गोळा काढून त्या जागी धातूचा बसवायचा. थोरल्यानं हे ऐकलं मात्र, त्याच्यातला कारागीर जागा झाला. तुम्ही ओळखताच त्याला. जुन्या लाकडात नवा धातू घालायचा नाही, लाकूड फुटतं. जुन्या मालाला सरस लावायचा, शिकंजा आवळायचा आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. त्यानं डॉक्टरांना सरळ विचारलं, न कापता नुसतं नीट जुळवून, वजन बांधून, महिना-दीड महिना न हलवता ठेवलं तर जुळणार नाही का? धाकटा भडकला. तो ऑफिसातला माणूस. त्याच्या मते जुनं काढा, नवं बसवा, आणि नव्याची हमी किती वर्षांची ते विचारा. (त्यानं खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तो गोळा यांच्यापेक्षा जास्त टिकेल. धाकट्याला फार समाधान वाटलं. मला त्यात काय वाटायचं ते मी ठरवते आहे.) थोरला एवढ्यावर थांबला नाही. मला अंथरुणातच ठेवायचं हे त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं आणि माझ्या मापाचा पलंग करायला घेतला, उशाकडे उचलता येणारा, मध्ये भांडं ठेवायची सोय असलेला. काल सकाळी आला तो खिशातून टेप काढून मला टाळूपासून टाचेपर्यंत मापायला लागला. खांद्यांची रुंदीही घेतली. शेजारच्या मनगटवालीनं हे पाहिलं, आधी कण्हायची थांबली, मग तिनं मोठ्यानं गळाच काढला. तिला वाटलं, पोरगा आईच्या शेवटच्या पेटीचं माप घेतोय. नर्स धावत आली. थोरला टेप हातात धरून सगळ्यांना समजावतोय की पलंग आहे हो पलंग, आणि मी हसू दाबते आहे, कारण हसलं की खुब्यात कळ येते. जाऊबाई, तुमची त्या क्षणी इतकी आठवण झाली. एकटीनं हसू दाबण्यात काही मजा नाही.

डॉक्टरांनी थोरल्याला झिडकारलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगते. ते म्हणाले, तुमच्या दुकानात शिकंज्यात आवळलेली खुर्ची महिनाभर पडून राहिली तर तिचं काही बिघडत नाही. माणूस पडून राहिला तर छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, रक्ताच्या गाठी होतात, आणि या मोडलेल्या मानेला रक्तच नीट पोचत नसल्यामुळे एवढं करून ती बहुधा जुळतही नाही. पाय आखूड राहील, कूस बदलताना दरवेळी दुखेल, आणि उभं राहणं बहुतेक संपलं. थोरल्याचा चेहरा उतरला. मग धाकटा विजयी मुद्रेनं बघायला लागला तेव्हा डॉक्टरांनी त्यालाही गप्प केलं. ऑपरेशन म्हणजे खेळ नव्हे, म्हणाले. यांच्या हृदयाची एक झडप आळशी आहे. टेबलावरच काही होऊ शकतं, नंतर काही दिवस भ्रम होऊ शकतो, आणि सगळं सुरळीत झालं तरी पूर्वीसारखं चालणं येईलच असं नाही, वॉकर लागेल, आणि दुखत असताना रोज उठून चालायची मेहनत स्वतः करावी लागेल. ती नाही केली तर नवा गोळा घेऊन अंथरुणातच पडून राहतील. आणि काय ते लवकर ठरवा, रेंगाळण्यात नुकसान आहे. हेही सगळं मुलांनाच सांगितलं. मी आपली छताकडे बघत ऐकत होते.

खरं सांगू? मला थोरले भाऊजी आठवत होते. त्यांचाही खुबाच गेला होता. तेव्हा तुम्ही जे केलंत त्यावर गावानं तुम्हांला काय काय ऐकवलं! नवऱ्याला तसंच टाकून दिलं इथपर्यंत बोलले लोक. पण मी तिथं होते. त्याआधीच वर्षभर ते अंथरुणाला खिळलेले, श्वास तोकडा, घरातल्या कुणाला ओळखत नव्हते, तुम्हांला तेवढे ओळखायचे, तेही हातावरून. तुम्ही त्या वेळच्या डॉक्टरांना एकच विचारलंत, की कापलंत तर हे चालायला लागतील का. ते म्हणाले, चालत तर आधीही नव्हते. मग तुम्ही म्हणालात, तर यांचं दुखणं तेवढं थांबवा, बाकी माझ्यावर सोडा. आणि खरंच तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. औषधाची वेळ चुकू दिली नाहीत, कूस बदलायच्या आधी गोळी, मग उशा, मग आपण दोघी दोन बाजूंनी. चमच्यानं चहा पाजायचात. ते गेले तेव्हा त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, बरोबर केलंत. म्हणून काल माझ्याही मनात आलं, की मलाही तसंच द्या. कापाकापी नको, गोळी द्या, उशा द्या आणि सोडून द्या. इतकं सोपं वाटलं ते, की डोळे मिटून हळूच सुखावलेसुद्धा.

पण मग मामंजी आठवले. (बघा, माणूस मरायला टेकलं की सासरेच आठवतात.) मोडकी खुर्ची आली की हत्याराला हात लावायच्या आधी ते मालकाला दुकानात बोलवायचे, बसवायचे आणि विचारायचे, ही खुर्ची तुम्हांला कशासाठी हवी? ज्याची खुर्ची त्यालाच विचारायचे, निरोप्या आला तर परत पाठवायचे. ती बाई आठवते का, नवऱ्याची खुर्ची घेऊन आलेली? मामंजींनी विचारलं तर म्हणाली, बसायचं कुणालाच नाही, ती खिडकीपाशी होती तशी उभी हवी. मामंजींनी सांधे उघडलेच नाहीत. आतून दोरीनं नीट बांधली, पुसून तेल लावलं, दिली. आणि तो पोस्टमन, ज्याला रोज पहाटे बसून बूट बांधायचे होते, त्याची तसलीच खुर्ची त्यांनी पार सुटी करून नव्यानं जुळवली. खुर्च्या दोन्ही सारख्याच मोडलेल्या. आपल्या दोघींचे नवरे म्हणायचे, बाबा उगीच वेळ घालवतात. आज इथं पडून मला वाटलं, उगीच नव्हते घालवत.

म्हणून आज सकाळी डॉक्टर आले, पायथ्याशी उभे राहिले आणि धाकट्याकडे वळले, तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टर, इकडे या. त्या स्टुलावर बसा आणि मला विचारा." मनगटवाली कण्हणं सोडून उठून बसली. डॉक्टर चपापले, पण आले आणि बसले. (स्टूल डुगडुगत होतं. थोरल्यानं लगेच कागदाची घडी करून पायाखाली सारली. डॉक्टर उभे राहिले, पुन्हा बसले. पास.) मी म्हटलं, मोडलाय माझा पाय. तो मला कशासाठी हवा आहे ते विचारा. आणि जाऊबाई, त्या माणसानं खरंच विचारलं. पुढे वाकून, माझ्या डोळ्यांत बघून, अगदी साधेपणानं म्हणाला, "आजी, सांगा, कशासाठी हवाय पाय?"

आणि मला उत्तर येईना. एवढी हुशारी करून बसवलं त्याला, आणि माझी बोलतीच बंद! शाळेत वर्गासमोर उभं केल्यावर व्हायचं तसं. मुलं बघतायत, नर्स बघतेय. मी म्हटलं, रात्रीपर्यंत सांगते. डॉक्टर म्हणाले, चालेल, ऑपरेशन करायचं झालं तर उद्या दुपारी करू, पण त्यापुढे लांबवू नका. आणि गेले. जाताना माझ्या हातावर थोपटून गेले. माणूस वाईट नाही.

मग दुपारभर विचार करायला पडले, आणि विचार कसला, नुसतं जुनं जुनं डोळ्यांपुढून सरकत राहिलं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खालून येणारा सरस उकळल्याचा तो घाणेरडा वास, ज्याला आपण शिव्या द्यायचो आणि जो माहेरी गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखा वाटायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुई धरता येत होती, वेत नाही. मामंजींनी आपल्याला आरामखुर्चीची पाठ विणायला बसवलं, तुम्ही पुढून, मी मागून, मध्ये ती चौकट. तुम्ही वेत भोकातून इकडे सारायचा, मी ताणून पुढच्या भोकातून परत द्यायचा. माझी बोटं सोलवटली आणि मी मागच्या बाजूला मुळूमुळू रडायला लागले. तुम्ही चौकटीच्या वरून डोकावूनसुद्धा पाहिलं नाहीत. तिकडूनच म्हणालात, "रडायचंच असेल तर बादलीत रड, वेत तरी भिजेल." मला इतका राग आला की रडणं थांबलं आणि अशी घट्ट ताणली ती ओळ की तुम्हांला ती नंतर उसवावी लागली. (उसवलीतही. माझ्या किती ओळी उसवल्यात हो तुम्ही! आणि दरवेळी मी जिना उतरून खाली येईपर्यंत थांबायचात, म्हणजे माझ्यादेखत उसवता यावी.)

पुढे वर्षानुवर्षं तुमचा चेहरा मला भोकाभोकांतूनच दिसला. आपली सगळी बोलणी त्या चौकटीच्या आरपार झाली. सासूबाईंची चेष्टा, नवऱ्यांच्या तक्रारी, मुलांचे ताप, माझं ते एक बाळ गेलं तेव्हाचं तुमचं न बोलणं. ते न बोलणंही चौकटीच्या पलीकडूनच. तुम्ही वेत सारत राहिलात आणि मी ओढत राहिले, आणि त्या दिवशी माझी एकही ओळ उसवली नाहीत. मला ते तेव्हा कळलं होतं. सांगायचं राहिलं होतं, आता सांगते. आता वेताचं काम क्वचितच येतं, थोरला विणलेले तयार तुकडे आणून चिकटवतो. पाठ चिकटवायला दोन माणसं लागत नाहीत. तुम्ही गेल्यावर मी एकदोनदा एकटीनं पाठ विणून पाहिली. पुढून सारायचं, उठून मागं जायचं, ओढायचं, पुन्हा पुढं यायचं. होते. पण गप्पा होत नाहीत.

असो, भलतीकडेच वाहवत गेले. मघाशी भूल देणारी डॉक्टरीण येऊन गेली, अगदी कोवळी पोर. म्हणाली, कमरेखाली बधिर करणार, बहुतेक जागीच असाल. मी म्हटलं, मग ठोकाठोक ऐकू येईल का? ती म्हणाली, थोडी येईल. म्हटलं, येऊ दे, आम्ही त्याच आवाजात जन्म काढलाय. तिला मी पायाचं उत्तर सांगून टाकलं, डॉक्टरांना कळव म्हणून. संडासला आपल्या पायांनी जायचं आहे, कुणाच्या हातून भांडं नको. आणि दुकानात बसून खुर्च्या पास करायच्या आहेत, कारण थोरल्याचा भरवसा नाही. भाऊजींची गोष्ट वेगळी होती, त्यांना कुठे जायचं उरलंच नव्हतं. मी तर पडले त्या सकाळी जिना उतरून आले होते. तेव्हा ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं आहे. कागदावर सही ठोकून मोकळी झाले. थोरला रडला, धाकटा हसला, मग अदलाबदल केली. तुम्ही मुळीच काळजी करू नका. मी ठणठणीत मनानं आहे. भीती म्हणाल तर नावालासुद्धा नाही.

कान जपा, जिना जपा, आणि जमिनीवर काही पडलं असेल तर त्यावरून चालू नका. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद, नातवंडांना पापा.

आडवी आणि तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. थोरल्यानं पलंग पुरा केलाच. म्हणतो, ऑपरेशननंतरही उपयोगी पडेल. हेडमास्तरांनी त्यांची खुर्ची नेली. ज्या खुर्चीनं माणूस मोडला पण स्वतः मोडली नाही ती बघायला त्यांच्याकडे शेजारपाजारचे येतायत म्हणे. आपल्या दुकानाची इतकी जाहिरात मामंजींच्या काळातही झाली नव्हती.

ता. क. दुसरा. भीती नावालासुद्धा नाही असं वर लिहिलं आहे ते मुलं वाचतील म्हणून. भीती आहे. पण टेबलावर जाण्याची तितकीशी नाही. भीती आहे ती नंतरची. दुसऱ्या दिवशीच उभं करणार आहेत, आणि पुढे महिनाभर रोज, दुखलं तरी चालायचं. ही घरातली सगळी माणसं फार मायाळू आहेत हो. मी 'आई गं' केलं की थोरल्याच्या डोळ्यांत पाणी येणार, सूनबाई म्हणणार, राहू द्या आज, उद्या बघू. धाकटा पंखा लावून देणार. आणि मी आधीच आळशी, मला 'राहू द्या' म्हटलेलं फार आवडतं. माझी दया येत नाही असं माझ्या माहितीत जगात एकच माणूस आहे. धाकटा उद्या सकाळी तिथून निघतो आहे, गाडीत मागची सीट रिकामी आहे, गुडघे लांब करून बसता येईल. महिनाभराचे कपडे घ्या. लेक नको म्हणेल. तिचं ऐकू आलं नाही असं करा, तुम्हांला सवय आहे.

ता. क. तिसरा, आणि हा धाकट्यानं वाचायचा नाही. सहीचं मी लिहिलं ते खोटं आहे. कागद उशीखाली आहे, कोराच. मुलांना आणि त्या पोरीला सांगितलंय, केली आहे, सकाळी देते. धाकटा तुमच्या दारात उभा राहील आणि तुमचं वाचून होईपर्यंत हलणार नाही, तसं त्याला बजावलंय. तुम्ही येताय की नाही तेवढं त्याला सांगा, तो मला फोन करेल. येत असलात तर लगेच सही करते. नाही जमलं तर राग धरणार नाही, तुमचंही वय झालं आहे, मला कळतं. एवढंच की, ते डॉक्टर विचारून गेल्यापासून दिवसभर शोधते आहे. खोटा नव्हता संडास, खोट्या नव्हत्या खुर्च्या. पण तेवढ्यासाठी इतकं दुखवून घ्यायची हिंमत माझ्यात नाही. कुणी समोर उभं राहून ओरडणारं नसेल, तर उठून जायचं कुणाकडे, हे मला अजून सुचलेलं नाही.